काचेवरचे किडे कुठे गेले? आणि ते मोजायचे कसे?

रातराणीवाला

नमस्कार मंडळी. मी एसटीचा निवृत्त चालक. नोकरीतली बरीच वर्षं नाशिक-पुणे रस्त्यावर गेली, त्यातली निम्मी रातराणीवर. आता घारगावच्या बाजूला थोडी शेती आहे. पुतण्याबरोबर टोमॅटो लावतो आणि माल नारायणगावला पिकअपमधून मीच नेतो. पुतण्या म्हणतो आराम करा, पण स्टेअरिंग हातात आलं नाही तर माझा दिवस जात नाही.

विषय असा आहे. पूर्वी मृगाचा पहिला पाऊस होऊन गेला की चंदनापुरी घाट ओलांडल्यावर काचेवर किड्यांचा मारा सुरू व्हायचा. पतंग, चिलटं, पंख फुटलेली वाळवी, मधूनच एखादा भुंगा कोणी खडा मारावा तसा टणकन आपटायचा. वायपर मारायची सोय नाही. मारला की सगळा चिकटा काचभर पसरणार, समोरच्या ट्रकचा उजेड त्यात फुटणार आणि रस्ता गायब. मग मान वाकडी करून, जिथून दिसेल तिथून बघत आळेफाटा गाठायचा. प्रवासी चहाला उतरले की मी रद्दी पेपर भिजवून काचेवर डकवायचो. माझा चहा होईपर्यंत चिकटा सुटायचा, मग पेपर ओढून काढायचा. सुक्या फडक्याने घासत बसला तर समजायचं, चालक नवखा आहे.

हल्ली त्याच रस्त्याने, त्याच दिवसांत, दिवेलागणीनंतर परत येतो. काच पुसावी लागत नाही. हे घरी बोललो तर अकरावीतली नात म्हणाली, "आजोबा, हे तुम्हाला वाटतं. आकडा कुठंय?" पोरीचं बरोबर आहे. आम्ही किलोमीटर लिहायचो, डिझेल लिहायचो, उशिराचं कारण लिहायचो. किड्यांचा रकाना कुठेच नव्हता.

तर विचारायचं असं, की गाडीवरून किडे मोजणारं जगात कोणी आहे का? मला त्यांची नावं येत नाहीत. चतुर आणि काजवा सोडला तर माझ्यासाठी सगळे किडेच. तरी चालेल का? आणि मी वहीत लिहिलेलं पुढे कोणाच्या कामाला येईल, की नुसताच म्हाताऱ्याचा उद्योग?

मेडवेकाठची

काका, नमस्कार. मी मूळची चिंचवडची, सध्या इंग्लंडात केंटमध्ये राहते. तुम्ही म्हणता ते काम इथे लोक रीतसर करतात आणि त्यात मीही आहे. उपक्रमाचं नाव 'बग्ज मॅटर'.

इथे काचेवर मोजत नाहीत, पुढच्या नंबरप्लेटवर मोजतात. काच प्रत्येक गाडीची वेगळी, कोणाची उभी, कोणाची तिरपी. प्लेट सगळ्यांची जवळपास सारखी. निघण्याआधी प्लेट स्वच्छ पुसायची, फोनवर प्रवास नोंदवायला सुरुवात करायची, पोहोचल्यावर प्लेटवर चौकोनी जाळी धरून आतले डाग मोजायचे आणि फोटो काढायचा. त्या जाळीला इथे 'स्प्लॅटोमीटर' म्हणतात. कार्यालयाच्या पार्किंगमध्ये मी गुडघ्यावर बसून मेलेली चिलटं मोजते तेव्हा सहकाऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. नवरा तर ओळखच दाखवत नाही.

नावं लागत नाहीत. एक डाग म्हणजे एक किडा, बस्स. डागांना अंतराने भागायचं, म्हणजे 10 मैलांची फेरी आणि 100 मैलांची फेरी एका मापात येते.

याची सुरुवात 2004 मध्ये पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या आरएसपीबी या संस्थेने केली. जवळपास 40 हजार चालकांनी भाग घेतला आणि सरासरी निघाली 5 मैलांना एक किडा. नंतर केंट वाइल्डलाइफ ट्रस्टने 2019 मध्ये तेच माप वापरून पुन्हा मोजलं आणि 2021 पासून बगलाइफ या संस्थेबरोबर ते देशभर नेलं. 2004 आणि 2021 ची तुलना केली तर देशभरात डाग 58.5 टक्क्यांनी कमी. इंग्लंडमध्ये 65 टक्के, स्कॉटलंडमध्ये मात्र 28 टक्केच. एकाच बेटावर एवढा फरक आहे, म्हणून "किडे घटले" असं एकच वाक्य सगळीकडे चालवू नये, असं माझं मत.

तुमच्या मनात येईल की नव्या गाड्या निमुळत्या, वारा कापत जातात, म्हणून किडे आपटत नसतील. इथेही सगळे हेच म्हणायचे. म्हणून 2019 मध्ये मुद्दाम खूप जुन्या गाड्याही मोजणीत घेतल्या, अगदी 70 वर्षांपूर्वीच्या. निघालं उलटंच! नव्या गाड्यांवर किंचित जास्त किडे आपटत होते.

तुमच्या कामाची एक गोष्ट. इथली प्लेट 520 बाय 111 मिलिमीटर, तुमच्याकडची नवी लांबट एचएसआरपी 500 बाय 120. क्षेत्रफळात फारसा फरक नाही. पद्धत तशीच उचलता येईल.

पाऊस लागला की प्लेट धुऊन निघते, त्यामुळे ती फेरी धरू नका. जून-जुलैत तुमच्या बऱ्याच फेऱ्या त्यात जातील, त्याला इलाज नाही.

सरासरी

काका, आधी तुमच्या नातीला शाबासकी द्या. आता थोडं कडू बोलतो.

तुमची जुनी आठवण खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण तिची आजच्या पिकअपशी तुलना होऊ शकत नाही. एसटीची काच उभी आणि भली मोठी, पिकअपची लहान. तेव्हा तुम्ही मध्यरात्री जात होता, आता तिन्हीसांजेला येता, आणि प्रत्येक वेळेचे किडे वेगळे. तेव्हा दुपदरी रस्ता झाडांखालून जायचा, चौपदरीकरणात कडेची झाडं गेली. हेडलाइट तेव्हा पिवळे होते, आता पांढरे, आणि दिव्याचा रंग बदलला की त्याकडे येणारे किडेही बदलतात. अजून एक, जे सहसा कोणी धरत नाही: रात्री 11 नंतर त्या रस्त्यावर पूर्वी किती गाड्या होत्या? जेवढे किडे रस्त्यावर येतात ते आता कितीतरी जास्त गाड्यांत वाटले जातात. तुमच्या वाटणीला कमी आले म्हणजे एकूण कमी झाले, असं सरळ निघत नाही.

यातलं काय किती खरं, हे आता कोणी सांगू शकणार नाही, कारण तेव्हाचा आकडाच नाही. तो गेला. पण आजचा आकडा तुम्ही धरू शकता. 2035 साली कोणी विचारलं की घारगाव-आळेफाटा रस्त्यावर 10 वर्षांपूर्वी किती किडे होते, तर तुमची वही सोडून उत्तर कुठेच नसेल.

हौशी लोकांचं काम म्हणून नाक मुरडू नये. जर्मनीतल्या क्रेफेल्डचं उदाहरण घ्या. तिथल्या कीटकप्रेमी मंडळाने 1989 पासून 63 संरक्षित जागांवर एकाच नमुन्याचे तंबूसारखे सापळे लावले. सापडलेले किडे अल्कोहोलमध्ये ठेवले आणि वजन केलं. नुसतं वजन! 2016 पर्यंतच्या नोंदी एकत्र केल्यावर 2017 मध्ये निबंध आला: 27 वर्षांत उडणाऱ्या कीटकांचं वजन 76 टक्क्यांनी घटलं. जगभर खळबळ उडाली. त्या मंडळाची खरी कमाई कोणती, तर सापळा बदलला नाही आणि बाटल्या फेकल्या नाहीत.

काचेचंच उदाहरण हवं तर डेन्मार्कमध्ये एका संशोधकाने 1997 ते 2017 दर उन्हाळ्यात ठरावीक दोन रस्त्यांवर गाडी चालवून काचेवरचे किडे मोजले. एक रस्ता 1.2 किलोमीटरचा, दुसरा 25 चा. एकावर घट 80 टक्के, दुसऱ्यावर 97. प्रत्येक फेरीला तो वेळ, तापमान आणि वारा लिहून ठेवायचा. म्हणून त्याला सांगता आलं की ही घट थंडीवाऱ्यामुळे नाही.

त्यामुळे माझी अट एकच. ज्या दिवशी प्लेटवर काहीच नसेल त्या दिवशीही लिहा, आणि शून्य लिहा. लोक रिकामा दिवस सोडून देतात, भरपूर किडे दिसले की हौसेने लिहितात, आणि वर्षाच्या शेवटी वही वाचली की वाटतं किड्यांचा महापूर होता.

दिव्याखालची

मी सावंतवाडीची, पतंगांचे फोटो काढते. 'सरासरी' यांचा शून्याचा मुद्दा मला फार पटला, कारण आमच्या फोटोवाल्या जगात शून्याला जागाच नाही. आयनॅचरलिस्टवर फोटो टाकला की जगभरातले लोक ओळख सुचवतात, दोन-तृतीयांशाहून जास्त जणांचं एकमत झालं की नोंद 'रिसर्च ग्रेड' होते आणि पुढे जीबीआयएफ या जागतिक नोंदकोशात जाऊ शकते. कोण कुठे सापडतं हे कळायला उत्तम. पण आधी किती होते आणि आता किती, हे त्यातून काढणं अवघड, कारण लोक देखणं तेवढंच टिपतात. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत बागेत आलं की दहा जण धावतात. अ‍ॅटलास पतंग भिंतीवर बसला की गावभर फोटो फिरतो. त्याच भिंतीवर नखाएवढे तपकिरी पतंग असतात, त्यांच्याकडे कोण बघतो?

काका, प्लेटवरचा डाग कशाचा हे कळत नाही, ही तुमच्या पद्धतीतली उणीव. ती भरून काढायला घराच्या ओट्यावर पांढरी चादर टांगा, समोर एक बल्ब लावा. महिन्यातून एकदा, अमावस्येच्या आसपास. चांदणं लख्ख असलं की दिव्यावर पतंग कमी येतात, म्हणून तिथी सांभाळायची. बल्ब तोच, वेळ तीच, समजा 8 ते 9. जेवढे प्रकार बसतील तेवढ्यांचे फोटो नातीला काढू दे. मोबाइलचा कॅमेरा पुरतो. फोटो आयनॅचरलिस्टवर किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाकता येतात. पतंगांसाठी 'मॉथ्स ऑफ इंडिया' हे वेगळं संकेतस्थळ आहे, फुलपाखरांच्या 'बटरफ्लाइज ऑफ इंडिया'चं भावंड. जुलैच्या शेवटी पतंग सप्ताह असतो, 2012 मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीत सुरू झाला, आता आपल्याकडेही बरेच जण करतात. तेव्हा सुरुवात केली तर सोबत मिळेल.

आणि वाळवी! पहिल्या पावसानंतर एखाद्या संध्याकाळी पंखवाली वाळवी उठते, तेव्हा एका फेरीत एवढे डाग पडतील की महिन्याभराची सरासरी बिघडेल. त्या दिवशी शेऱ्यात "वाळवी उठली" असं ठळक लिहून ठेवा.

कपाशीवाला

घाटंजीहून बोलतो, जिल्हा यवतमाळ. किडे कमी झाले म्हणता भाऊ, तर आमच्याकडे या, पोतं भरून देतो.

चेष्टा सोडा. मोजणी आम्ही शेतकरी करतोच की. 2017 ला गुलाबी बोंडअळीने कपाशीची वाट लावली, तेव्हापासून कामगंध सापळा शेतात नाही असं होत नाही. हेक्टरी 5 सापळे, रोज सकाळी पतंग मोजायचे. एका सापळ्यात रात्रीला 8 पतंग आणि असं सलग 3 रात्री झालं, की समजायचं पाणी डोक्यावरून चाललं, फवारणीचा विचार करायचा. कृषी खात्याचा क्रॉपसॅप प्रकल्प 2009 पासून गावोगावच्या ठरलेल्या शेतांत अशीच निरीक्षणं घेतो आणि सल्ला देतो. म्हणजे ज्याला तुम्ही हौस म्हणता ते आमच्याकडे पोटापाण्याचं आहे.

पण त्या आकड्यावर तुमचं काम भागणार नाही, हेही सांगतो. सापळ्यातल्या गोळीला मादीचा वास असतो, त्या एकाच जातीचे नर येतात. बाकीचे किडे मेले काय, जगले काय, सापळ्याला पत्ता नाही. बोंडअळी वाढली आणि बाकीचे सगळे घटले, हे एकाच शेतात एकाच साली खरं असू शकतं. फवारा मारला की मधमाशी आधी जाते, ढालकिडा जातो, आणि जिला मारायला निघालो ती बोंडाच्या आत खुशाल बसलेली असते.

तुमच्या टोमॅटोत टुटाचे सापळे असतीलच. ती नागअळी आपल्या देशात पहिल्यांदा सापडली ती 2014 साली, तुमच्याच बाजूला पुणे भागात. त्याचा आकडा आणि प्लेटचा आकडा एकाच वहीत समोरासमोर लिहा. आणि आजूबाजूला कोणी कधी फवारलं, तेही लिहा. हे शहरातले लोक विचारणार नाहीत, पण मला वाटतं खरी गोम तिथेच असेल.

रातराणीवाला

सगळ्यांचे आभार. काही कडू वाटलं नाही. डेपोत याहून कडू ऐकलंय.

टुटाचे सापळे आहेत, आकडा पुतण्याच्या मोबाइलमध्ये असतो. तो आता वहीत उतरवायला सांगितलाय. नाराज आहे, पण लिहील.

मी असं ठरवलंय. जाताना दिवस असतो म्हणून धरायचं नाही, फक्त परतीचा रस्ता धरायचा. आळेफाटा सोडल्यावर पुढच्या पेट्रोल पंपावर प्लेट पुसायची, बोटा मागे टाकून घारगावला घराशी आलो की मोजायची. साधारण 20 किलोमीटर, पण मीटर बघून लिहीन. गाडी 50-60 च्या वर नेत नाही, तशीही नेत नाही. रकाने: तारीख, पंपावरून निघाल्याची वेळ, पोहोचल्याची वेळ, मीटर, वारा होता का, ढग होते का, चंद्र होता का, रस्त्याकडेला कोणी फवारत होतं का, डाग किती, शेरा. नातीने वहीला रेघा मारून दिल्यात. आमच्या जुन्या लॉगशीटसारखंच दिसतंय, त्यामुळे हात लगेच बसला.

दोन शंका. प्लेटवर आधी खोबरेल तेलाचा हात मारला तर किडे सहज निघतात, हा आमचा जुना उपाय. चालेल का? आणि एचएसआरपीची अक्षरं उठलेली आहेत, त्यांच्या कडेला अर्धा पंख अडकतो, मागे डाग नसतो. तो धरायचा का?

सरासरी

तेल अजिबात नको. तेलाने चिकटण्याचं प्रमाणच बदलेल आणि तुम्ही कधी जास्त, कधी कमी लावाल. साधं पाणी, साधं फडकं, दर वेळी तेच.

अर्ध्या पंखाचा नियम तुम्हीच ठरवा, पण आज ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. नंतर बदलायचा नाही. जमलं तर मोजणी नातीला करू द्या, तुम्ही फोटो काढा. तुमच्या मनात आधीच बसलंय की किडे कमी झालेत. तिचं मन कोरं आहे, उलट तिला तुम्हाला खोटं पाडायचंय. मोजायला याहून चांगला माणूस मिळणार नाही.

रातराणीवाला

हे तिला वाचून दाखवलं. खूश आहे. पंख सापडला तर एक धरायचा, नुसता पाय किंवा मिशी असेल तर सोडायची, असं तिनेच लिहून टाकलं. पण वही भरली की द्यायची कुठे?

दिव्याखालची

एका हंगामाची वही झाली की संगमनेर किंवा नारायणगावच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा. पदवीच्या मुलांना प्रकल्पाला विषय हवेच असतात. तोपर्यंत दर महिन्याला पानांचे फोटो काढून ठेवा. टोमॅटोच्या क्रेटशेजारी ठेवलेल्या वहीचा भरवसा नाही.

मेडवेकाठची

काका, मोजायची जाळी मी तुमच्या प्लेटच्या मापाने आखून व्यक्तिगत निरोपात पाठवलीये. झेरॉक्सवाल्याला पारदर्शक कागदावर छापायला सांगा आणि 'पानावर बसवा' हा पर्याय बंद ठेवायला सांगा, नाहीतर चौकोन लहान येतात. छापून झाल्यावर एकदा पट्टी लावून बघा. चौकोन 2 सेंटिमीटरचा भरला पाहिजे.